घेरावातला डबा

कलकत्ता, ४ सप्टेंबर १९६९

ती. स्व. आबांना,

आपल्या जावयाचा, गजाननाचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच. आमच्या खोलीत साष्टांग घालायचा तर पाय जिन्यात ठेवावे लागतील.) आपला गुडघा कसा आहे? सासूबाईंचा खोकला? कालिंदी आणि सुनीती खुशाल आहेत.

मी सुपरवायझर झालो म्हणून आपण मिरजेत पेढे वाटल्याचे कळले. आबा, ते परत मागवता आले तर बघा. माझा नुसता संताप संताप झाला आहे.

एस्प्लनेडला मजुमदारबाबूंच्या कापडदुकानात मी दिवसभर कापड फाडतो आणि महिन्याचा शेवटचा आठवडा पाणी व स्वाभिमान यांवर काढतो. (स्वाभिमान सुनीतीला पचत नाही. ती चार वर्षांची आहे.) सरकारने दुकानांतल्या नोकरांना किमान वेतन ठरवून दिले. याहून कमी दिले तर माणूस जगत नाही, असे सरकारचे म्हणणे. पण मजुमदारबाबूंना आम्ही रोज जिवंत दिसत होतो, तेव्हा त्यांनी ते मनावर घेतले नाही. वाढ मिळाली नाही तर दुर्गापूजेआधी कालिंदीला आणि पोरीला आपल्याकडे पाठवायचे, असे मी मनाशी ठरवून होतो.

शेवटी आम्ही घेराव घातला. म्हणजे मालकाच्या खोलीभोवती वेढा देऊन बसायचे. तो बाहेर नाही, अन्न आत नाही. आमचा पुढारी हरिपद. त्याने मला ऐन दारात बसवले, कारण मराठी माणूस म्हटला की इकडे अजून जुने लुटारू मराठा स्वार, बर्गी, आठवतात. (माझी छाती आपण लग्नात पाहिली आहे.)

दुपारी मी कालिंदीने दिलेला डबा उघडला. समोर मजुमदारबाबू, सकाळपासून उपाशी. अशा वेळी आपण काय म्हणतो? ‘या जेवायला’ म्हणतो. आणि समोरचा ‘होऊ द्या सावकाश’ म्हणून मान फिरवतो. साऱ्या महाराष्ट्रात हे बिनधोक चालते. मीही सवयीने म्हणालो, “आइए बाबू, खाना खाइए.” तो गृहस्थ उठला, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि जेवू लागला हो! आमटीची वाटीसुद्धा बोटाने पुसली. हरिपद कपाळाला हात लावून एवढेच म्हणाला, “गोजाननदा, ए की कोरले!” (हे काय करून बसलात!) भुकेने टेकीला येणारा माणूस ढेकर देऊन संध्याकाळपर्यंत खुशाल बसला.

तरी अखेर त्याने सही केली. सगळ्यांना किमान वेतन. मला मात्र उपकाराची फेड म्हणून सुपरवायझर केले. दुसऱ्या दिवशी कळले, की सुपरवायझरला हा कायदाच लागू नाही. पगार जुनाच! आज दुकान झाडणारा माझ्यापेक्षा जास्त मिळवतो आणि मला पाहून अदबीने उभा राहतो. युनियनने माझे नाव काढून टाकले, का तर मी आता मालकांच्या बाजूचा. आबा, मालकांच्या बाजूची माणसे रेशनच्या रांगेत असतात का? दिवसभर राबून दोन वेळा पोटभर जेवायला मागणे हा काय माज झाला? आणि ती बढती देताना मला हारही घातला. तोही आदल्या दिवशीचा.

आपला,
गजानन

ता. क. खरे म्हणजे पत्र यासाठीच, की पूजेआधी येऊन दोघींना मिरजेला न्यावे. कालिंदीला मी बोललेलो नाही, तेव्हा सहज आल्यासारखे यावे. माझ्याने तिला सांगवत नाही.

ता. ता. क. आबा, मी कालिंदी. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिले, म्हणून वाचले. मला न्यायला येऊ नका. रोज डबा करून द्याल का, असे मजुमदारबाबूंनी शेजारच्या लीनाताईंकडून विचारले होते. नोकरांना जेवढी वाढ दिली तेवढाच मी डब्याचा महिन्याचा दर सांगितला. नाही म्हणाले. मग मीही त्यांच्यासाठी चूल पेटवली नाही. काल कबूल झाले, सोमवारपासून डबा सुरू. तुरीची डाळ तेवढी पाठवा. यांना अजून काही सांगितलेले नाही; सुपरवायझर म्हणून मालकाचा डबा हातात धरायला लाजले, तर पंचाईत व्हायची.