एका कुंडीतल्या दोन तहाना

३ फेब्रुवारी
काउंटरमागून तिनं "अहो झाडवाले!" अशी हाक मारली आणि सगळं बदललं. बस्स! तोवर मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला, मामाच्या नर्सरीत कुंड्या उचलणारा भाचा होतो. आता कोण आहे, देव जाणे.

दातांच्या दवाखान्यात काम करते ती; मी कुंड्या घेऊन दारावरून चाललो होतो. खिडकीशी ठेवायला रंगीत पानांची कुंडी हवी. "फुलं नकोत. आज फुलली, उद्या झाडून काढा. पानंच रंगीत द्या." बाकावर माणसं गाल धरून बसलेली, आणि मी दात काढत उभा!

५ फेब्रुवारी
कुंडी पोचवली. मधे स्नेक प्लांट — ताठ, पिवळ्या काठाचा. भोवती कोलियस — गर्द लाल पान, पोपटी किनार. ती म्हणाली, "अगंबाई, किती शोभतात एकमेकांना!" झाडांबद्दल.

खरं ते इथेच लिहितो. कोलियसला सारखं पाणी लागतं, नाहीतर मान टाकतो. स्नेक प्लांटला जास्त झालं की मुळं कुजतात. मला माहीत होतं. मुद्दाम लावली ही जोडी! दोघांचं जमवून आणायला कुणीतरी येत राहायला हवं ना. तो कुणीतरी मी.

९ फेब्रुवारी
गेलो. कोलियसच्या बुडाशी तेवढं चमच्यानं पाणी घातलं. ती हनुवटीला हात लावून बघत होती. एवढी संधी — आणि मी बोललो काय? "ऊन बरं येतं इथे." धन्य!

१२ फेब्रुवारी
मामाला कळलं. "एक सदा तहानलेला, दुसरा पाण्याचा वैरी. कुणी जुळवलं रे हे लग्न? कॉलेज सोडलंस ते सोडलंस, अक्कलही तिथेच ठेवून आलास?"
मी झारी आपटली. तिचं तोंड तुटलं. माझं काही उघडलं नाही.

१५ फेब्रुवारी
मामानं गावाबाहेर एका बंगल्याची बाग लावायला धाडलंय. इथून निघता येत नाही. कुंडीचं काय होत असेल?

२७ फेब्रुवारी
आज परतलो, तसाच दवाखान्यात गेलो. व्हायचं तेच झालंय. कोलियस मान टाकतो म्हणून ती बिचारी रोज तांब्याभर ओतत राहिली. स्नेक प्लांट बुडाशी लिबलिबीत, आडवा पडलेला. डॉक्टर सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "एक कुंडी सांभाळता येत नाही, पेशंट काय सांभाळणार?"

त्याचे दात त्याच्याच हातात द्यावेत असं वाटलं! पण त्याचा तरी काय दोष?

ती ओढणीनं डोळे टिपत म्हणाली, "माझ्या हातालाच यश नाही हो. आईही हेच म्हणते."

खरं ओठांवर आलं होतं. गिळलं. सांगितलं तर ती मला पुन्हा दारात उभं करणार नाही. नाही सांगितलं तर आपल्याच हातांना बोल लावत बसेल. काय करू? काही म्हणजे काही सुचत नाही.

२८ फेब्रुवारी
जेवलो नाही. मामानं माझं ताट झाकून ठेवलं. तेच जास्त लागलं.

१ मार्च
नवी कुंडी भरली. स्नेक प्लांट, सोबतीला रिओ — वरून हिरवा, पोटाशी जांभळा. दोघांची तहान सारखी. आठवड्यातून एकदा पाणी दिलं की झालं. मी नसलो तरी चालेल अशी पहिलीच जोडी.

२ मार्च
एका दमात सांगून टाकलं. "तुमच्या हाताचा दोष नाही. मीच मुद्दाम चुकीची जोडी लावली होती. या नव्या कुंडीसाठी आता कुणी यायची गरज नाही."

तिनं रिओच्या जांभळ्या पोटावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही येणार नाही?"

"सांगितलं ना, गरज नाही!" मी खेकसलो, बाहेर पडलो आणि मागे दार ओढून घेतलं.