एकोणीस तास चाळीस मिनिटं

९ मार्च, दुपारी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. हा शब्द हाताच्या सवयीने उतरला. तुला तो चालेल का, हे विचारायला अकरा वर्षं उशीर झालाय, तेव्हा राहू दे तसाच.

तुझा पत्ता तुझ्या दोस्ताकडून, चष्मिषकडून मिळाला. त्याच्या आईची कवळी आमच्याच लॅबमध्ये होते. ती टोचते म्हणून तो परत घेऊन आला, तेव्हा मी त्याला कोपऱ्यात गाठलं. आधी खूप आढेवेढे घेतले, मग कवळीच्या डबीच्या झाकणावर लिहून दिला. फोन नंबरही देत होता. मी घेतला नाही. पत्रच बरं.

मी ठीक आहे. लग्न केलं नाही, ते चष्मिषने सांगितलंच असेल. अजून त्याच लॅबमध्ये लोकांचे दात घडवते. आता सहा जणींची मुख्य आहे, त्यामुळे स्वतःचेही दात दाखवावे लागतात.

बाबांना डिसेंबरमध्ये झटका आला. उजवी बाजू. घाबरू नकोस, आता काठी घेऊन घरात चालतात, बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं आहे. हाताची बोटं मात्र ऐकत नाहीत.

(मध्येच उठून दार लागलंय का ते पाहून आले. दुपारचे तीन वाजलेत. कोण येणार आहे? तरी तिसऱ्यांदा पाहिलं.)

फिजिओथेरपीच्या बाईंनी बोटांसाठी रबरी चेंडू दिला होता. बाबा म्हणाले, "मी काय कुत्रा आहे?" आणि चेंडू खिडकीबाहेर. बाई वैतागल्या. "मग बटणं दाबायचं काहीतरी द्या यांना, अंगठा तरी हलेल." म्हणून मी माळ्यावरून तुझा गेम खाली काढला. तोच, घंटांचा. कंदीलवालीचा. मला वाटलं, बघताक्षणी आकांडतांडव करतील. त्यांनी ओळखला. नुसती खुर्ची टीव्हीच्या जवळ घ्यायला सांगितली.

पडद्यावर जतन केलेल्या खेळांचे तीन कप्पे आले. 'धाकटा', 'ताई' आणि तिसरा रिकामा. मी रिकाम्याकडे निघाले, तर म्हणाले, "हे एकोणीस तास चाळीस मिनिटं कुणाचे?"

"त्याचे. अर्धा खेळ झालाय त्याचा."

"मग तिथूनच लाव."

"अहो बाबा, तुम्हाला बटणंसुद्धा माहीत नाहीत!"

"बदलीवर आलेला ड्रायव्हर काय गाडी परत पहिल्या स्टॉपला नेतो का?"

लावला.

तू सोडलास ती जागा आठवते? कंदीलवाली चौथी घंटा वाजवते आणि सगळं चांगलं होईल म्हणता म्हणता धरण फुटतं. गावं, बाजार, गव्हाची शेतं, सगळं पाण्याखाली. आणि तिच्या हातात एक होडी. पहिल्या दिवशी बाबा अर्धा तास नुसते गोल गोल फिरत होते. "हॉर्न कुठलं?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाले, "खाली रस्ते होते ना? ते मला बघू दे." तेव्हा मी माझा कप्पा लावला. माझे जेमतेम सहा तास आहेत, तिथे अजून कोरडं आहे. रोज सकाळी माझ्या कोरड्या राज्यात ते रस्ते पाठ करतात, डाव्या हाताने जुन्या कॅलेंडरच्या मागे नकाशा काढतात आणि दुपारी तुझ्या पुरात होडी घालतात. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

पण तीन आठवडे झाले, अडकलेत. घड्याळाच्या मनोऱ्याला होडी बांधायला दोर लागतो आणि दोर सापडत नाही. प्रवाह होडीला परत फेकून देतो. बाबांना चैन नाही. जेवता जेवता उठतात, काठी आपटत फिरतात. मलाही चैन नाही. परवा मी एका माणसाच्या कवळीत सुळा उलटा बसवला.

दोर कुठे आहे, तेवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ताई


२७ मार्च, सकाळी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. सुट्टी टाकून लिहायला बसलेय, कारण लॅबमध्ये गेले तर पुन्हा कुणाचा तरी सुळा उलटा बसेल.

आधी खेळाचं सांगते. तू लिहिलंस, 'दोर नाहीच. किल्ल्यामागे परटिणीचं घर आहे, तिच्या छपरावरची कपड्यांची दोरी कापायची.' कुणी कळवलं ते न सांगता मी वाचून दाखवलं, तर बाबा खुर्चीतून पडायचे बाकी होते. "कपड्यांची दोरी! अगं, मी तिच्यावरून चार वेळा गेलो!" त्याच दुपारी कापली. होडी मनोऱ्याला लागली. मनोऱ्यातला तो लोखंडी पक्षी त्यांनी सातव्या खेपेला पाडला, अंगठा सुजला, आणि शेजारच्या बाईंना बोलावून पडद्यावरचं मेलेलं पाखरू दाखवलं. त्या बिचाऱ्या 'छान आहे' म्हणाल्या.

तुझ्या कार्डाची शेवटची ओळ मी वाचून दाखवली नव्हती. 'मी सांगितलं हे बाबांना सांगू नकोस, त्यांना आवडायचं नाही.'

त्या ओळीने माझी झोप उडवली. तुला वाटतं, बाबांना आवडायचं नाही. तसं का वाटतं, हे फक्त मला माहीत आहे.

डेपोतली नोकरीची परीक्षा चुकवून तू गेम खेळत बसलास, बाबांनी वायर उपटली आणि 'तो खोका आणि तू, दोघंही बाहेर व्हा' म्हणाले, ते तुमचं दोघांचं. त्याबद्दल मी काही बोलत नाही. खोका त्यांनी बाहेर काढला नाही, तू मात्र गेलास. पण दोन वर्षांनी तू फोन केला होतास. तू विचारलंस, "ताई, मी येऊ का? बाबांना विचार ना." मी म्हटलं, "थांब, विचारते."

धाकट्या, मी विचारलं नाही.

बाबा आंघोळीला होते. नळाचा आवाज येत होता. मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि दहा आकडे मोजले. मग तुला सांगितलं, "नाही म्हणतात. नावही काढू नकोस म्हणतात." तू "बरं" म्हणालास. भांडलाही नाहीस. भांडला असतास तर मी कदाचित सांगितलं असतं.

का केलं? चार दिवस झाले, हेच लिहिते आणि फाडते. त्या दिवशी लॅबमध्ये मला पहिल्यांदा स्वतंत्र टेबल मिळालं होतं. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर "बरं झालं" म्हणाले आणि लगेच, "त्याचा फोन आला होता का?" दोन वर्षं, रोज संध्याकाळी, पायातले बूट काढायच्या आधी हाच प्रश्न. त्यांचा डबा मी करत होते, त्यांचं दुखणंखुपणं मी काढत होते आणि ते वाट तुझी बघत होते. त्यांना अंगणात बघून मी आनंदाने काही सांगायला जावं आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहावं, असं व्हायचं. मला वाटलं, एकदा तरी त्याला कळू दे नको असणं म्हणजे काय ते. एकदाच. उद्या खरं सांगू म्हटलं. तो उद्या नऊ वर्षांचा झाला.

शुक्रवारी मी बाबांना सांगितलं. ते होडीत होते. त्यांनी खेळ थांबवला, कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"मी घरातच होतो?"

"आंघोळीला होतात."

काठी ओढून जवळ घेतली. मग इतकंच म्हणाले, "दार वाजवायचं होतंस."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर मला सदऱ्याची बटणं लावू दिली नाहीत. स्वतः लावतात. पाऊण तास लागतो, दोन चुकतात, तसाच सदरा घालून बसतात. खेळाला हात लावत नाहीत. काही हवं-नको असेल ते मला फिजिओथेरपीच्या बाईंकरवी सांगतात. त्या बाई माझ्याकडे बघतात, मी खाली बघते.

आज सकाळी मात्र स्वतः बोलले. दाढी करून, आरशात बघतच म्हणाले, "त्याला लिही. सगळं लिही, तुझं काही झाकू नकोस. आणि मी जे बोललो होतो त्या दिवशी, ते मीच बोललो होतो, तेही लिही. ते तुझ्या नावावर नको."

लिहिलं.

तू मला माफ करावंस असं मी म्हणणार नाही. बाबांनी अजून केलेलं नाही आणि ते माझ्यासमोर बसलेले आहेत. तू आलास तर मी त्या दिवशी लॅबमध्ये थांबेन, हवं तर चष्मिषच्या आईकडे जाऊन बसेन. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही.

पण आधी फोन कर. नंबर तोच आहे, हॉलमधला. रविवारी सकाळी दहानंतर कर. मी घरात असेन, पण उचलणार नाही. बाबांना खुर्चीतून उठून तिथवर यायला वेळ लागतो, मी मोजलाय, वीस-बावीस रिंग होतात. वाजू दे. मध्येच ठेवू नकोस, धाकट्या. ते येत असतील.

तुला खोटं सांगणारी,
तुझी ताई