कोहळ्याचं वजन

१३ ऑक्टोबर १९९४, गुरुवार

आज आयुधपूजा. कारखान्यात लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू. माझ्या हॉइस्टच्या हुकाला वेंकटरमण सरांनी दृष्ट लागू नये म्हणून भलामोठा कोहळा टांगला. मालक तेच, मी काय बोलणार? पुरात, विहिरीत अडकलेल्या माणसाला वर ओढायचं यंत्र — आणि पहिला मान कोहळ्याचा!

हे दुसरं यंत्र. पहिलं जुलैत नागपट्टणमच्या फायर स्टेशनला गेलं. त्यात दोरीवरचा भार सांगणारं एकच मापक, परदेशी. या दुसऱ्यात मी भांडून माझंही मापक बसवून घेतलं — मोटरच्या दांड्याला किती पीळ पडतो, म्हणजे टॉर्क किती, ते सांगणारं. भार तेवढाच आणि पीळ जास्त, तर आत काहीतरी अडतंय. इतकं साधं. सर म्हणतात, "वसुमती, एका हाताला दोन घड्याळं कशाला?"

अठ्ठावीसला तिरुवैयारूच्या पुलावर प्रात्यक्षिक. दोरीला लटकणार कोण? आमचा प्रणवेश! धाकटा भाऊ फायरमन झाला तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. आता तर दोरी माझीच.

१४ ऑक्टोबर

विजयादशमी. मुहूर्तावर बटण दाबलं, भाराचं मापक शून्यावर आणलं, मग कोहळा काढून रस्त्यावर फोडला. पायसम बरं होतं.

१७ ऑक्टोबर

दोन मापकांचं जमत नाही! वाळूची पोती उचलली. भार कमी दाखवतंय, पीळ जास्त. सर म्हणाले, "परदेशी वस्तू खोटं बोलेल का? तुझंच तपास." दिवसभर माझ्याच तारा उचकल्या. मान आखडली.

घरी येऊन लिहायला बसले तर अम्मा, "काय लिहूलालीस गे एवढं?" घरात बोलणं मराठी, पण लिहिणं-वाचणं सगळ्यांचं तमिळ; देवनागरी मला एकटीलाच वाचता येते, म्हणून निर्धास्त. नाहीतर प्रणवेशला लगेच सांगून मोकळी झाली असती.

१८ ऑक्टोबर

कोहळा! शून्यावर आणलं तेव्हा हुकाला कोहळा तसाच लटकत होता. म्हणजे तेव्हापासून प्रत्येक वजनातून एक कोहळा वजा. रिकामा हुक शून्याखाली जायला हवा, पण ते मापक शून्याखाली दाखवतच नाही. कुणाच्या लक्षात येणार? हसून हसून पोट दुखलं. सरही हसले. "बघ, यंत्र चांगलंच आहे. तपासणीच्या कागदावर सही कर."

परत शून्यावर आणलं. उद्या पोती पुन्हा उचलून सही.

१९ ऑक्टोबर

सही केली नाही.

फरक उरलाच. एका पोत्याला थोडा, दोन पोत्यांना जास्त, तीन पोत्यांना त्याहून जास्त. कोहळा काही वजनाबरोबर वाढत नाही! आत खरंच काहीतरी अडतंय. अडता अडता एक दिवस गिअरचे दाते तुटतील आणि दोरी सुटेल.

सरांना म्हटलं, गिअरबॉक्स उघडू. चिडले. "कलेक्टर येणार आहेत. नवी ऑर्डर याच्यावर अवलंबून. काल सापडला ना तुझा कोहळा?" सगळ्यांसमोर. डोळ्यांत पाणी आलं, रागाने.

२१ ऑक्टोबर

प्रणवेशला शेवटी सांगितलं. आजारी पड, रजा घे, काहीही कर, दोरीला लटकू नको. तो डोशाचा तुकडा चटणीत बुडवत ऐकत होता. म्हणाला, "मी नाही गेलों तर दुसरं कोण तरी जाईल. त्यास अक्का नाही का?"

लाज वाटली. मला फक्त माझा भाऊ दिसत होता.

२२ ऑक्टोबर

सकाळी सरळ सरांच्या खोलीत. म्हटलं, "आज तीन पोत्यांच्या जागी मी लटकते. तुम्ही बटण दाबा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून स्वतःच पाना आणला.

बेअरिंगची बाहेरची कडी चिरलेली! मद्रासच्या व्यापाऱ्याकडून 'इम्पोर्टेड' म्हणून आणलेल्या जोडीतलं हे बेअरिंग. हल्ली काय, सगळंच इम्पोर्टेड मिळतं. सरांनी कडी हातात घेतली आणि खाली बसले. "वसुमती, माफ कर." मालक असं बोलतात तेव्हा काय करायचं असतं कुणास ठाऊक. मी कॉफी मागवली.

सर त्रिचीहून खात्रीची दोन बेअरिंगं आणणार. एक बसवायला, एक जवळ असावं म्हणून.

२५ ऑक्टोबर

नवं बेअरिंग. तीन पोती. दोन्ही मापकं एकमताने बोलतात. सही केली.

२८ ऑक्टोबर

झालं! कावेरीला पाणी भरपूर. प्रणवेश खाली गेला, नकली बुडणाऱ्याला मिठी मारून वर आला. टाळ्या. मी पुलावर मापकांकडेच बघत होते, त्याच्याकडे बघवलं नाही. वर आल्यावर मला म्हणाला, "अक्का, मापकांत काय बघूलालीस एवढं?"

आज झोप येईल.

३० ऑक्टोबर, रविवार

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय. सकाळी शेजारच्यांकडे प्रणवेशचा फोन आला. वादळ येतंय, रात्रीच त्यांची तुकडी नागपट्टणमला नेली. "अक्का, काळजी करू नको. तिथे तुमचंच यंत्र आहे, पहिलं. दुपारी लोकांना काढायला त्यावरच उतरायचं." आणि लाईन गेली.

मद्रासच्या त्या जोडीतलं दुसरं बेअरिंग त्या पहिल्या यंत्रात आहे. आणि माझं मापक नाही — परदेशी मापक शेवटपर्यंत सगळं ठीक दाखवेल.

फोन लागत नाही. सर गाडी जमेल तेवढी पळवतायत. उरलेलं बेअरिंग माझ्या मांडीवर आहे. पाऊस वाढलाय.