होगीबा

३ नोव्हेंबर २००३

पुस्तक आलं! गठ्ठा दुकानातच फोडला. चष्म्याच्या फ्रेमा जरा बाजूला सरकवून काउंटरवर प्रती रचल्या. ‘शेवटचा नाका’ — विज्ञान कादंबरी, लेखक अमरेश, म्हणजे मीच. मुखपृष्ठावर तांबडा ग्रह, वस्तीच्या हद्दीवरचं फाटक, पलीकडं अंधारात डोळे. पहिल्याच गिऱ्हाइकानं उचललं. “जकातीवर लिवलंय व्हय? बरं केलासा. लई पिळत्यात!”

संध्याकाळी एक प्रत अव्वाला दिली. माझी आई चिकोडीकडची. कानडी शाळेतली, मराठी बोलते पण वाचता येत नाही. माझ्या बायकोशी, वर्षाराणीशी मराठी, शेजाऱ्यांशी मराठी, माझ्याशी मात्र जन्मापासून फक्त कानडी. पुस्तकाचा वास घेतला, बसवण्णांच्या फोटोपुढं ठेवलं. “येनैती इदराग?” म्हणाली. काय आहे ह्यात?

गोष्ट आहे, सांगतो सवडीनं, म्हटलं.

९ नोव्हेंबर

वाचकांचे अभिप्राय सुरू!

इचलकरंजीचे एक माग मालक नंबर तपासायला आले होते. त्यांना कादंबरी आवडली, फक्त एक शंका — “ग्रहावर एवढी धूळ उडती, तर सूत तुटत न्हाय?” कादंबरीत एकही माग नाही. ते म्हणाले, गाव वसलंय म्हटल्यावर असणारच की.

बायकोचं मत: “सगळं गाव नाक्यावर पहारा देतंय. मग स्वयंपाक कोण करतं?” तिथं जेवणाच्या गोळ्या असतात म्हणून सांगितलं. “सुखी आहेत बाया,” म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

मी भविष्यकाळाबद्दल केवढा विचार केला होता!

१६ नोव्हेंबर

पुण्याच्या पेपरात परीक्षण!! एका प्राध्यापकांनी लिहिलंय. “फाटकापलीकडच्या खडक्यांसाठी लेखकाने संपूर्ण नवी बोली घडवली आहे. ‘होगीबा’ ही त्यांची रणगर्जना अंगावर काटा आणते. अफाट कल्पनाशक्ती!” कात्रण काउंटरच्या काचेखाली सरकवलं.

इथं लिहायला हरकत नाही. होगि बा म्हणजे कानडीत जाऊन ये. बालवाडीपासून आजपर्यंत मी घराबाहेर पडताना अव्वा दारात उभी राहून म्हणते — होगि बा, तम्मा; जाऊन ये, बाळा. चाळिशी आली, केस गेले, तरी म्हणते. परग्रहावरच्यांच्या तोंडी काय घालावं ह्या विचारात होतो, तर तेच कानात घुमत होतं. घातलं. कादंबरीत रोज सांजेला खडके फाटकाशी येतात, होगीबा म्हणून ओरडतात आणि गावकरी गोळ्या झाडतात. प्रस्तावनेत मी ‘स्वनिर्मित भाषा’ असं लिहिलंय. आता छापून आलंय आणि पुण्यानंही मान्य केलंय म्हटल्यावर आपण कशाला वाद घाला!

२० नोव्हेंबर

पाच प्रती खपल्या. त्यातली एक साडूनं घेतली.

२१ नोव्हेंबर

नेसरीचे बाळासो गुरुजी चष्मा न्यायला आले. बसल्या बसल्या पुस्तक चाळलं आणि अचानक मांडीवर थाप मारून हसत सुटले. “ओ चष्मेवाले! ह्यो तुमचा ग्रह आमच्या नेसरीपासनं लांब न्हाय की! खडकं चक्क कानडी बोलत्यात!” डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. नवा चष्मा पुसायला माझाच रुमाल घेतला.

जाता जाता जरा थबकले. “आईसाब कानडीच न्हवं तुमच्या? वाचून दावलासा काय त्यास्नी?”

वेळ मिळाला नाही, म्हणालो. दुकानात दिवसभर माशा मारतो, हे गुरुजींना दिसतच होतं.

घरी अव्वानं पुन्हा विचारलं. किती लोकांची मतं गोळा करतोय मी! आणि जिचं ऐकायचंय, तिला गोष्ट सांगायचं होत नाही. खडक्यांना चार पाय आहेत, अंगाला वास येतो, असं लिहून बसलोय. तिला वाईट वाटलं तर?

२६ नोव्हेंबर

आज हंबीरराव दुकानात! सीमाप्रश्नावर गेली कैक वर्षं भाषणं करणारे. पुस्तक न वाचताच खूश. कुणीतरी सांगितलंय. “झकास! पलीकडच्यांच्या तोंडी पलीकडचीच भाषा! बोंबललं की गोळी! आसंच पायजे!”

“अहो, तो परग्रह आहे...”

“आरं, कळतंय की आमास्नी!” — आणि डोळा मारला.

रविवारी त्यांच्या तालमीच्या हॉलात माझा सत्कार. माझी आई चिकोडीची आहे, असं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी विचारलं, “किती वाजता?”

वर्षाराणी म्हणते, अत्तींना घेऊन जायचंच. सासूला ती कानडीतलं अत्तीच म्हणते. एवढा लेकाचा सत्कार! मी म्हटलं, ती कंटाळेल. “तुम्हाला कसली भीती वाटतीय?” म्हणाली. हिला चष्मा न लावताच सगळं दिसतं.

२९ नोव्हेंबर

अव्वानं ठेवणीतलं इरकल लुगडं काढून ठेवलंय. शेजारणींना सांगून आली.

३० नोव्हेंबर

फेटा, शाल, नारळ. पहिल्या रांगेत अव्वा, ते इरकल नेसून. हंबीररावांचं भाषण रंगात आलं. तालमीतल्या पोरांना त्यांनी आधीच पढवून ठेवलेलं — अर्धी पोरं ओरडली, “होगीबा!” आणि उरलेली, “ठो! ठो!” हॉल हसून लोळायला लागला. पुन्हा होगीबा, पुन्हा ठो.

अव्वाचा चेहरा आधी उजळला. मी स्टेजवरनं बघत होतो. एवढी सगळी माणसं तिच्या भाषेत बोलतायत! तिनं मान वळवून मागं बघितलं, दाराकडं बघितलं. कोण निघालंय ते बघत होती.

मग हंबीरराव माईकवर म्हणाले, “कानडी जनावरं वरडत्यात आनि आपली मानसं टिपत्यात — ह्येला म्हंत्यात साहित्य!” टाळ्या. अव्वानं पदर डोक्यावर पुढं ओढला. मी उठायला हवं होतं. माईक माझ्यापासून हातभर लांब होता. मी नमस्कार केला आणि नारळ घेतला.

रिक्षात तिनं एवढंच विचारलं, कानडीतच — ती जाऊन ये म्हणतायत आणि गावातले त्यांना मारतात?

गोष्ट आहे अव्वा, म्हणालो.

त्यांना कळत नाही का, का कळून मारतात?

ह्याचं उत्तर कादंबरीत नाही. लिहिताना प्रश्नच पडला नव्हता. फेटा काढून मांडीवर धरला. लाज वाटली. सरळ लिहितो — लाज वाटली. घरी आल्यावर तिनं बसवण्णांपुढचं पुस्तक उचललं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं, नीट, धूळ पुसून.

१ डिसेंबर

दुकानाला निघालो. अव्वा रोजच्यासारखी दारात होती. डब्याची पिशवी हातात दिली. मी पायरीवर थांबलो. उगाच चप्पल घालत राहिलो.

“या, पावणं,” मराठीत म्हणाली.