सिनेमात हसले म्हणून

१७ फेब्रुवारी १९९६, शनिवार

शेवटी लेकीने, शलाकाने, नेलंच सिनेमाला! मॅजेस्टिकला, तीनच्या खेळाला. लग्नानंतर थेटरात पाहिले ते सगळे देवादिकांचे. हा कॉलेजातल्या पोरापोरींचा, तोही कन्नड. बंगलोरात बारा वर्षं काढली, बोलणं समजतं आता.

गोष्ट साधी — कारखानदाराची मुलगी, पोस्टमनचा मुलगा, एकाच वर्गात. मुलगा तिच्या वाढदिवसाला मागून आणलेला कोट घालून जातो, बाह्या बोटांच्याही खाली. पुढे त्याची आई मुलीच्या घरी भेटायला येते, चांगलं लुगडं नेसून, तर त्या घरची बाई तिला नवी स्वयंपाकीण समजते आणि हातात झारा देते! ती बिचारी निमूट पुऱ्या तळत बसते. अख्खं थेटर लोळलं. मीही. डोळ्यांना पदर लावायची पाळी. शेवटी कारखानदार तिच्यापुढे हात जोडतो तेव्हा रडलेसुद्धा.

बसमध्ये शलाकाने विचारलं, आवडला ना तुला? छान होता, म्हटलं. मग जयनगर येईस्तोवर तिने सगळं सांगून टाकलं. तिच्या वर्गातला गिरीराज. मराठे, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. वडील नाहीत. आई सकवारबाई चिकपेटच्या बोळात ब्लाउज शिवते. परीक्षा झाली की लग्न करायचं ठरवलंय म्हणे.

मी पुढच्या सीटचा दांडा धरून बसले. घरी येऊन पाय धुतले, दिवा लावला. रामरक्षा दोनदा चुकले.

१८ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना सांगितलं. आवाज चढवू नका, म्हटलं. ओरडलं की मुली हट्टाला पेटतात.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आज दत्ताचा उपास. पोथी वाचताना एकदम लख्ख दिसलं काय करायचं ते. महाराजांनीच सुचवलं. नाहीतर असल्या सिनेमाला मी जाते कशाला!

शलाकाला म्हटलं, रविवारी गिरीराजच्या आईला घेऊन ये. पोरीने मागून गळ्यात हात टाकले. पाचवीत असताना टाकायची तसे. मी काढले नाहीत. माझे हात कणकेत होते, एवढंच.

पुण्याच्या वहिनींना पत्र टाकलं — त्यांच्या ओळखीतल्या क्षितिजचं स्थळ अजून मोकळं आहे का म्हणून.

२५ फेब्रुवारी, रविवार

अकराला आली. गिरीराज फाटकापर्यंतच. मोठी माणसं बोलतील म्हणून आत आला नाही. मुलगा बरा दिसतो. ते लिहायला हवं, म्हणून लिहिते.

सकवारबाई हिरवं इरकल नेसून, घडीच्या रेघा अजून त्यावर. टोपलीत केळी, शेवंतीची वेणी, म्हैसूरपाक. ह्यांना मी आधीच गच्चीवर पाठवलं होतं. तिला बाहेरच्या खोलीत बसवलं नाही, मधल्या खोलीत नेलं. तिथे पलंगावर सहा ब्लाउजपीस मांडून ठेवले होते.

ती बसते न बसते तोच सुरू झाली, "अक्का, पोरांचं तर आमाला कळलंच की. तुमी बोलवलं, लई समाधान झालं बगा—"

मी म्हटलं, "हो ना. शलाका म्हणाली, तुमचा हात फार चांगला आहे. पुण्याचं स्थळ आलंय तिला. लग्नाचे सहा शिवायचेत. माप घेऊन टाका."

टेप आणली नसणार, म्हणून माझी पुढे केली.

तिने कापडांकडे पाहिलं. मग शलाकाकडे. शलाका दारात, हातात चहाचा ट्रे. ट्रे मी काढून घेतला.

मग सकवारबाईने टेप घेतली. शलाकाला म्हणाली, "ये ग बाळ. हात वर कर."

शलाकाने केले वर. डोळ्यांतून धार लागलेली, आणि हात वर, पुसणार कशी? सकवारबाईनेच आपल्या पदराने पुसले. मग मला आकडे सांगितले — छाती बत्तीस, कंबर सव्वीस, बाही नऊ. "लिवून द्या अक्का. वही आणली न्हाई मी. ह्या कामाला आलेली नव्हते."

मी लिहून दिले. अक्षर नेहमीसारखंच आलं.

चहा दिला तो मोलकरणीच्या पेल्यात. तिने सगळा प्यायला. मग उठून पेला स्वतः विसळला आणि मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातला. कसं कळलं तिला?

टोपली तशीच ठेवून गेली. केळी गाईला घातली. फुलं देवाला वाहिली, फुलांनी कुणाचं काय केलंय.

सिनेमातल्या बाईची चूक होते. माझी चूक नव्हती. देवाला ठाऊकच आहे, तेव्हा इथे लपवून काय उपयोग. पण वाईटवंगाळ एक शब्द मी तोंडातून काढला नाही, हेही त्याने पाहिलंय.

दिवेलागणीला शलाका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. म्हणाली, "आई, तू हसलीस गं. म्हणून मी सांगितलं."



२७ फेब्रुवारी, मंगळवार

गिरीराजने संबंध तोडला. 'माझ्या आईला त्या घरात अशी वागणूक मिळाली, तिथे मी जावई म्हणून कसा जाऊ' — असं म्हणाला. शलाका ह्यांना सांगत होती, ते मी भिंतीआडून ऐकलं. मला नाही सांगितलं.

काम झालं. गणपतीला एकवीस मोदक.

९ मार्च, शनिवार

सकवारबाईने ब्लाउज पाठवले. शलाकाला घालून पाहायला लावले. कुठे एक सुरकुती नाही! मला वाटलं होतं मुद्दाम बिघडवेल. शिलाईच्या वर दिलेले दहा रुपये तेवढे परत आले.

१२ मे, रविवार

लग्न पार पडलं. क्षितिजराव शांत आहेत, माणसं आपल्यातली. शलाका कशालाच नाही म्हणाली नाही — साडीला नाही, तारखेला नाही. निघताना इतर मुली रडतात. ही पाया पडली, 'येते' म्हणाली आणि गाडीत चढली. ह्यांच्या मात्र गळ्यात पडली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळसणाला येत नाहीत. जावयांना सुट्टी नाही म्हणे. कार्डावर तीन ओळी — आम्ही खुशाल, तुम्ही खुशाल असाल, दोघांना नमस्कार. मी तिला सहा पत्रं लिहिली, पाठपोट. करंज्या केल्या होत्या. ह्यांनी दोन खाल्ल्या.

१८ जानेवारी १९९७, शनिवार

संक्रांतीचं वाण आणायला चिकपेटला गेले. बोळात समोरून सकवारबाई. वळणार होते, पण माणसांत जागा नव्हती. तीच थांबली.

"अक्का, शलाकाचं पत्र आलं बगा. चोळी अगदी बरोबर बसली म्हनती. हिरवीच मागितली होती तिनं, तिसरा लागला तवा. चोरचोळी तुमीच द्या, लिवलं. धाडली मी."

दिवस गेलेल्या लेकीला तिसऱ्या महिन्यात, चारचौघांना कळायच्या आत, आईने द्यायची असते ती.

मी म्हटलं, "हो, मला कळवलंय तिने."

सकवारबाई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सरी, अक्का. बरं." आणि बाजूला होऊन मला वाट दिली.