एन्चिलाडा, माझ्या हातचा

३ मे, शनिवार. सकाळी १०
आजपासून स्वयंपाक शिकणे. वही नवी. समास आखून घेतला.

कारण असं. आमची ईशानी बाळंत होणार. बायको, म्हणजे पन्ना, २२ तारखेला लेकीकडे सिअ‍ॅटलला जाणार, चार महिन्यांसाठी. मीच म्हटलं, जा, खुशाल जा. प्रश्न माझ्या जेवणाचा आहे, आणि तो मला पडलेला नाही, तिला पडलाय. तिनं परस्पर ठरवून टाकलं की चार महिने मी मंजुमासीकडे राहायचं. मंजुमासी म्हणजे पन्नाची मावशी, वय ७९. तिचे यजमान रसिकमासा, वय ८४. कानातलं यंत्र बशीत काढून ठेवतात आणि टीव्ही पूर्ण आवाजात लावतात. मला शिलाई मशीनच्या खोलीत ठेवणार.

मी बजावून सांगितलं, तीस वर्षं रिफायनरीच्या पाइपांची ड्रॉइंग्ज काढलेला माणूस आहे मी, मला एक पदार्थ जमणार नाही? ती म्हणाली, मग एकच करून दाखवा. चार माणसं तुमच्या घरी पोटभर जेवली पाहिजेत. रविवारी, १८ तारखेला. मासा, मासी, किरीटभाई आणि मी. जेवलो तर राहा घरी.

किरीटभाई म्हणजे मेहुणे. ते हसले. हसू देत.

दुपारी २
पदार्थ ठरला. राजमा-पनीर एन्चिलाडा. खिचडी कुणीही करेल. पन्नाच्या माहेरची समस्त गुजराती मंडळी मेक्सिकन खाण्यावर जीव टाकतात, इथल्या प्रत्येकीच्या पर्समध्ये तिखटाची डबी असते. शिवाय एन्चिलाडा म्हणजे काय? पाइप. आत माल भरलेला, ट्रेमध्ये ओळीनं मांडलेला पाइप. हे माझंच क्षेत्र आहे.

४ मे, रविवार
ड्रॉइंग पूर्ण. पोळीचा व्यास १५० मिमी, दोन मिमी इकडेतिकडे चालेल. पन्नानं बघितलं. म्हणाली, मीठ कुठे दाखवलंय?

५ मे, सोमवार
इंडियन स्टोअरमधून मक्याचं पीठ आणलं. पोळ्या थापल्या १४. अखंड राहिल्या ०. उचलली की नकाशातल्या राज्यांसारखी वेगळी होते. पीठ जुनं असणार. ह्यूस्टनची दमट हवाही आहेच.

६ मे, मंगळवार
शेजारच्या ओफेलियाबाईंना पोळीचे तुकडे दाखवले. बाई मॉन्टेरेच्या, सात नातवंडं. तुकडा वास घेऊन खाली ठेवला आणि हसत सुटल्या. म्हणाल्या, अहो शेजारी, हे पीठ तुमच्या रोटीचं. आमच्या पोळीला मका आधी चुन्याच्या पाण्यात उकडावा लागतो, मग दळायचा. तुम्हाला मासा पाहिजे, मासा.

मी म्हटलं, बाई, मी शाकाहारी आहे, सासरी आल्यापासून. मासा कुठला घालू?

बाईंना हसू आवरेना. मासा म्हणजे ते चुन्याचं पीठ. म्हणजे आता मासे झाले तीन. कोकणातला मासा, जो सोडून एकतीस वर्षं झाली. रसिकमासा, ज्यांच्याकडे मला जायचं नाही. आणि हे पीठ, ज्याच्यामुळे जावं लागणार नाही.

८ मे, गुरुवार
ओफेलियाबाई शिकवायला आल्या. शिकवण्याची पद्धत ढिसाळ. पाणी किती घालू, तर म्हणाल्या, पीठ सांगेल तेवढं. किती वेळ मळू, तर म्हणाल्या, कानाच्या पाळीसारखं लागेपर्यंत. मी माझी पाळी चाचपली. त्यांनी त्यांची पुढे केली, म्हणाल्या, ही बघा, तुमची फार कडक आहे.

त्यांच्या १२ पोळ्या, माझी १. माझी त्यांच्या कुत्र्यानं हुंगली.

११ मे, रविवार. दुपारी ४
राजमा भिजवायला विसरलो. कुकरला अकरा शिट्ट्या दिल्या, तरी दाणा टणक. दाण्याची चूक. मग तयार डबा आणला. ओफेलियाबाईंनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि डबा काढूनच घेतला. डुकराची चरबी. म्हणाल्या, शेजारी, हे खाऊ घातलंत तर सासरचे तुम्हाला मेक्सिकोत सोडून येतील.

मासींनी आयुष्यात अंडं फुटलेलं पाहिलेलं नाही. घाम फुटला. पन्नाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

१४ मे, बुधवार
यश! एक एन्चिलाडा, अखंड. फोटो काढून ईशानीला पाठवला. तिचं उत्तर आलं, बाबा, हे काय आहे?

पन्नानं अर्धा खाल्ला. मीठ राहिलं होतं. बाकी ठीक, म्हणाली. आत्मविश्वास आता नव्वद टक्के. उरलेले दहा टक्के नम्रतेसाठी ठेवले आहेत. पाठोपाठ ती म्हणाली, मासीला खोली आवरायला सांगितलीय, असावी म्हणून.

१६ मे, शुक्रवार
पन्नाची बॅग हॉलमध्ये आली. उघडी. तिच्यात दुपटी, मेथीचे लाडू, सुंठ. घर चार महिने माझ्या एकट्याच्या ताब्यात येणार, याचा आनंद मी दोनदा बोलून दाखवला. तिसऱ्यांदा बोललो तेव्हा पन्ना म्हणाली, कळलं हो.

ती बॅग मला आवडत नाही. जायच्या वाटेत ठेवलीय म्हणून.

१८ मे, रविवार. सकाळी ८
आज. परीक्षा १ वाजता. पन्ना ९ वाजता मासा-मासींना आणायला निघेल, तिघं देवळात जाऊन मग येतील. वेळापत्रक फ्रिजवर लावलं.

१०.४०
पहिलं पीठ सैल. टाकलं. दुसरं कोरडं. तिसरं फरशीवर. पिठाची पिशवी रिकामी. घाबरण्याचं कारण नाही. ओफेलियाबाई चर्चमध्ये. आमच्या फॅमिली ग्रुपवर ६१ माणसं आहेत, कुणाकडे तरी असेलच. हात बरबटलेले, एका बोटानं टाइप केलं. इंग्रजीत थोडक्यात लिहिलं, "मासा संपले, आज सकाळी. लवकर या." विनंती उद्धट वाटू नये म्हणून शेवटी जोडलेले हात टाकले.

फोन बंद करून खणात ठेवला. एकाग्रता.

११.१५
पन्ना आपला फोन ओट्यावरच विसरून गेलीय. सारखा वाजतोय. तोही बंद केला. अर्धी वाटी पीठ भांड्याच्या कडेनं खरवडून मिळालं, उरलेलं इंडियन पीठ त्यात मिसळलं. आता लाल मिरच्या भाजतो आहे. घरभर धूर. डोळे चुरचुरतात.

११.५०
मंडळी येऊ लागली! इतका प्रतिसाद अपेक्षित नव्हता. किरीटभाई पहिले. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले आहेत, बहुधा स्वयंपाकाला साजेसे. दारातच मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी. मिरच्यांचा ठसका आहेच तसा. मी म्हटलं, सॉरी, जरा जास्तच झालं. ते म्हणाले, नाही कुमार (जावयाला यांच्यात कुमार म्हणतात), रडू द्या. म्हणाले, तुमचं जास्त येणं-जाणं नव्हतं, तरी तुम्ही धावलात, हे विसरणार नाही.

पिठाचं विचारलं तर कुणीच आणलेलं नाही. खिचडीची पातेली मात्र पाच आली आहेत. आणि कढी.

१२.१०
सत्तावीस माणसं. चादरी पसरून हॉलमध्ये बसली आहेत. कुणी बोलत नाही. परीक्षेचं दडपण माझ्यावर हवं, यांच्यावर का? ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. किरीटभाईंच्या पत्नी हर्षाभाभींनी माझा हात धरला. म्हणाल्या, दिवाकरकुमार, अशा घरात चूल पेटवत नाहीत, बंद करा. मी म्हटलं, भाभी, एवढ्या साध्या गोष्टीला घाबरून कसं चालेल? त्या तोंडाला पदर लावून बाजूला झाल्या.

१२.४०
घाईत लिहितो, बाथरूममध्ये.

दार उघडलं. पन्ना, मंजुमासी आणि मागून रसिकमासा आत आले, काठी टेकत. हर्षाभाभी किंचाळल्या. कुणीतरी कढीत पाय दिला. किरीटभाई भिंतीला टेकले.

मासांनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं. विचारलं, कोण गेलं?

 किरीटभाईंनी फोन पुढे धरला. मासांनी चष्मा वर करून वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, कुमार, मी कधी संपलो?

मी पिठाचं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे मी पीठ?

हाक मारताहेत. जातो.

दुपारी ४
झालं ते असं. मासा रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते सोफ्यावर मधोमध बसले आणि म्हणाले, आलाच आहात तर बसा, काय बोलायला आला होतात ते माझ्यासमोर बोला, आज ऐकू येतंय. किरीटभाईंनी सुरुवात केली, मासा फार मोकळ्या मनाचे होते. मासा म्हणाले, होते? किरीटभाई म्हणाले, आहेत. मासा म्हणाले, मग मागच्या वर्षी नेलेली माझी शिडी मोकळ्या मनानं परत दे.

असं एकेकाचं चाललं. मंजुमासी पदरात तोंड घालून हसत होत्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. मीही रंगलो. या सगळ्यात ओव्हन दीड तास चालू राहिला.

ट्रे काढला. वर कोळसा, खाली लगदा. एकही पाइप धड नाही, सगळीकडे गळती. मासांनी हट्टानं एक घास मागितला. पुष्कळ वेळ चावला. मग खिचडीचं पातेलं कुठलं चांगलं, असं मंजुमासींना विचारलं.

 पन्नानं ट्रे खरवडून धुतला. मग म्हणाली, निळ्या शर्टाला इस्त्री करून ठेवू का, मासीकडे न्यायला?

१९ मे, सोमवार
शांतपणे विचार केला. अट काय होती? चार माणसं माझ्या घरी पोटभर जेवली पाहिजेत. जेवली सत्तावीस. अटीचे शब्द पाहिले तर मी पास आहे. पन्नाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, हो, आणि बनियन किती ठेवू?

२२ मे, गुरुवार
विमानतळ. पन्नाच्या हातात लाडवांची पिशवी. म्हणाली, मासीला त्रास देऊ नका, आणि खरंखरं सांगत जा फोनवर, कसे आहात ते. मी म्हटलं, मला काय होणार आहे? तपासणीच्या रांगेत शिरेपर्यंत ती दिसत होती. तिनं दोनदा मागे बघितलं. मी पार्किंगचं तिकीट शोधत होतो.

२५ मे, रविवार
मासांचं घर. जेवण संध्याकाळी साडेपाचला. आठ वाजता दिवे बंद, बाहेर अजून उजेड असतो, शेजारची माणसं गवत कापत असतात आणि मी अंथरुणात.

पन्नाचा फोन. कसं चाललंय? एकदम मजेत, म्हटलं. इतकी विश्रांती आयुष्यात मिळाली नव्हती.

१ जून, रविवार
मंजुमासींनी मला ओट्यापाशी उभं केलं. म्हणाल्या, कुमार, बसून काय करता, तांदूळ धुवा. धुतले. पुन्हा धुवा, म्हणाल्या. पाणी स्वच्छ होईपर्यंत तीनदा. मी म्हटलं, किती मिनिटं? त्या म्हणाल्या, मिनिटं नाहीत, पाणी बघा.

पन्नाला फोनवर सांगितलं, स्वयंपाकात जबरदस्त प्रगती आहे, मासींना मीच सांभाळतोय. ती म्हणाली, बरं वाटलं हो ऐकून.

८ जून, रविवार
मासांना माझी सवय झाली. कानातलं यंत्र आता माझ्याशी बोलायला म्हणून घालतात. बोलतात एकच विषय, कोण आलं होतं आणि कोण आलं नव्हतं. यादी माझ्याकडून पाठ करून घेतली.

पन्नाला म्हटलं, इथे मी राजा आहे.

१४ जून, शनिवार. सकाळी ११
नात झाली! तीन किलो शंभर. ईशानी छान आहे. मासांनी पेढा माझ्या तोंडात कोंबला, टीव्ही चक्क बंद केला. मी व्हरांड्यात जाऊन जरा रडलो. इथे मिरच्या कुणी भाजत नव्हतं.

मग पन्नाचा पुन्हा फोन. आवाज आनंदलेला. म्हणाली, ईशानीला तीन महिन्यांनी कामावर जायचंय, बाळाला इतक्या लहानपणी पाळणाघरात ठेवायला तिचं मन होत नाही. म्हणाली, मी आधी नको म्हणत होते, तुमचं कसं होईल म्हणून. पण तुम्ही तिथे इतके रमलात, दर वेळी सांगता. मग मी वर्षभर राहू का? बाळ चालायला लागेपर्यंत?

मासांनी माझ्या हातून फोन घेतला. म्हणाले, राहा बेटा, कुमार आता इथलाच झालाय. मग फोन परत दिला.

मी म्हणालो, राहा की. माझं काय अडलंय?

ती म्हणाली, नक्की? खरंखरं सांगा.

नक्की, म्हणालो.

मला पन्ना हवी आहे. मला माझ्या घरी जायचंय आणि तिथे ती हवी आहे. हे इथे लिहायला दोन ओळी लागल्या. फोनवर सांगायला एवढंच होतं. उद्या सांगतो. उद्या ईशानी दवाखान्यातून घरी येणार, तिथे धावपळ असेल. परवा सांगतो. नाही, सहाव्या दिवशी छठी आहे, माणसं असतील. ते सगळं उरकू दे.

मंजुमासी हाक मारताहेत. तांदूळ.