बुधवारी भाजलेला रोहू

१७ जानेवारी, शुक्रवार

थाप मारली! सरळ सरळ थाप! या वयात!

सकाळी कॉलेजच्या मैदानावर फिरताना इंदिराबाई म्हणाल्या, 'मासा खाऊन वर्षं झाली हो, नाना. एकटीसाठी कोण तळत बसणार? घरभर वास, ओट्यावर तेल.' मागच्याच गल्लीत राहतात. शाळेत गणित शिकवायच्या, आता माझ्यासारख्याच रिटायर. यजमान कधीच गेले, मुलगा पुण्यात.

आणि मी पटकन — 'तळायचा कशाला? भाजायचा! वरून शेंगदाण्याचा थर द्यायचा, ओव्हनमध्ये सारायचा. अर्ध्या तासात जेवण. मी तर नेहमी करतो.'

नेहमी करतो! मी! वरणगावच्या फॅक्टरीत सगळी नोकरी काढली, पण घरात चहासुद्धा कमलच करायची. ती गेल्यापासून खिचडी जमते, वरण-भात जमतो. मोबाइलवर त्या माशाचा एक व्हिडिओ पाहिला होता, तेवढंच भांडवल.

बरं, तिथे तरी थांबावं? नाही! 'बुधवारी या जेवायला.'

'येते,' म्हणाल्या.

येते म्हणाल्या!

१८ जानेवारी, शनिवार

शनिवार, म्हणून मासा नाही. ओव्हन मात्र माळ्यावरून काढला. सारिकाने दिवाळीला जळगावहून आणून दिला होता — 'नाना, निदान गरम करून तरी खात जा!' — तो अजून खोक्यातच. लेकीला सांगायची सोय नाही. बटण फिरवलं, लाल दिवा लागला. एकट्यानेच टाळी वाजवली.

१९ जानेवारी, रविवार

बाजारात भिकुबाईकडे गेलो. कमल तिच्याकडूनच मासे घ्यायची. म्हणाली, 'नाना, कितला दिवसमा! तळाले देऊ का रस्साले?'

'भट्टीत भाजायला,' म्हटलं.

'भट्टीमा? मासा शे का पाव शे?' मासा आहे की पाव, असं शेजारणीलाही हाक मारून सांगितलं. सगळी ओळ हसली. मीपण हसलो. रोहूचे पोटाकडचे जाड तुकडे मात्र निवडून दिले तिने.

घरी येऊन दाणे खमंग भाजले, सालं काढली, मिक्सरमध्ये छान बारीक कूट केला, तुकड्यांवर थापला. वास असा सुटला, वाटलं जिंकलो! उघडून पाहतो तर कूट कोळसा! काळा मिट्ट. अर्धा थर घसरून ट्रेमध्ये, आत मासा पाणी-पाणी. खालची मांजर तेवढी खूश.

बुधवार आला की!

२० जानेवारी, सोमवार

शेवटी सारिकाला फोन केलाच. आधी हसली. मग — 'नाना, भाजलेले दाणे पुन्हा भाजले तर जळणारच ना! कच्चे घ्या. खलबत्त्यात जाडसर कुटा. मासा फडक्याने कोरडा टिपा. दही लावा, म्हणजे दाणे धरतील.'

'बरं.'

'पण एवढं कोणासाठी?'

'माझ्यासाठीच,' म्हटलं. दुसरी थाप.

२१ जानेवारी, मंगळवार

जमला! जमला! जमला!

तुकडे टिपले, हळद-मीठ-लिंबू लावलं. घट्ट दह्यात आलं-लसूण, मिरची, चमचाभर काळा मसाला. कच्चे दाणे जाडसर कुटलेले, थोडे तीळ, कोथिंबीर — हाताने दाबून बसवले. वरून तेलाचे चार थेंब. भात शिजेपर्यंत ओव्हनमध्ये. बस! वरचा थर बदामी, दाताखाली कुरकुरतोय, आत मासा पांढराशुभ्र, पाकळ्या सुटलेल्या. ना तेल उडालं, ना ओटा चिकट. उभ्याउभ्याच दोन तुकडे खाल्ले. मग आणखी एक.

कमल, पाहायला हवी होतीस. म्हणाली असतीस — एवढी वर्षं कुठे होतं हे शहाणपण?

उद्या पांढरा सदरा.

२२ जानेवारी, बुधवार

काय दिवस! नीट क्रमाने लिहितो.

सगळं वेळेवर. मासा ओव्हनमध्ये, भात झालेला, कांदा चिरलेला. सात वाजता बेल. दार उघडलं — सारिका! पिशवी खांद्यावर. 'धुळ्याला ट्रेनिंग होतं, म्हटलं परत जाताना तुमच्याकडे मुक्काम करावा. अरे वा, नाना, पांढरा सदरा?' मी काही बोलायच्या आत तिच्या मागे जिन्यात इंदिराबाई, हातात दह्याचा डबा.

दोघी एकमेकींकडे पाहताहेत. मी मध्ये. ओव्हन तेवढ्यात टिंग झाला.

'या इंदिराबाई. ही सारिका, माझी मुलगी.' आवाज माझाच होता का, देव जाणे.

सारिकाने पाणी दिलं, हसली, नीट बोलली. मी घाईघाईने पानं घेतली. तुकडा फुटू नये एवढंच डोक्यात, ताटांकडे लक्षच नाही. इंदिराबाईंसमोर ताट ठेवलं आणि सारिकाचा चेहरा उतरला.

कमलचं ताट होतं. काठावर नाव कोरलेलं. तीन वर्षांत त्यात कोणी जेवलं नव्हतं.

'नाना, आईचं ताट,' एवढंच बोलली. हळू, पण ऐकू आलंच.

इंदिराबाईंनी ताट जरा वळवलं. काठावरचं नाव वाचलं. मग ते दोन्ही हातांनी उचलून सारिकासमोर ठेवलं. 'हे तुझं आहे, बेटा. तूच जेव यात. मला कुठलंही चालेल.' आणि स्वतः उठून मांडणीतली थाळी घेऊन आल्या.

सारिका खाली मान घालून बसली होती. मग तिने पहिला घास घेतला. दाणे कुरकुरले. 'चांगला झालाय, नाना,' म्हणाली. डोळे पुसले. 'काळा मसाला आईच्या अंदाजाने घातलाय तुम्ही.'

इंदिराबाईंनी तीन तुकडे खाल्ले. काटे बाजूला लावून, मन लावून. जाताना म्हणाल्या, 'नाना, खरं सांगा, याआधी किती वेळा केला होता?'

'दोनदा. त्यातला एक मांजराने खाल्ला.'

इतक्या हसल्या! जिन्याचा कठडा धरून हसल्या. सारिकासुद्धा हसली. पण दार लावल्यावर आईचं ताट स्वतः घासून, पुसून तिने कपाटात ठेवलं.

२३ जानेवारी, गुरुवार

सारिका सकाळच्या बसने गेली. 'येते, नाना.' बस्स. स्टँडवर तिच्यासाठी खिडकीची जागा धरली, ती समोरच पाहत राहिली.

काल पंख फुटले होते. आज गळून पडले.

२५ जानेवारी, शनिवार

फोन नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

मैदानावर इंदिराबाईंनी विचारलं, 'लेकीचा फोन?'

'नाही.'

'करेल. तिच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. तुम्ही घाई करू नका.' तिसऱ्या फेरीला म्हणाल्या, 'पण मासा काय झाला होता हो!'

खरं लिहितो, इथे कोण वाचतंय! मला या बाईबरोबर रोज जेवायचंय. वरण-भातसुद्धा चालेल. पण सारिकाचं मन मोडून एक घासही नको. आज ना उद्या तिला तसं सांगणार. कसं सांगतात बापाने लेकीला, ठाऊक नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दार वाजलं. सारिका. एकटीच, काठापदराच्या साडीत, कपाळाला हळदकुंकू. जळगावहून आली, पण आधी माझ्याकडे नाही. मागच्या गल्लीतून आली!

चपला काढता काढता म्हणाली, 'नाना, त्या दिवशी आईचं ताट त्यांनी उचलून माझ्यासमोर ठेवलं ना, ते डोक्यातून जाईना. तुमच्यासाठी इंदिराबाईंना मागणी घालून आले. त्या हो म्हणाल्यात. आता नवऱ्या मुलाकडचं काय ते तुम्ही सांगा.'